चालण्याच्या चाचणीचे पैसे कोणी दिले?

साखर ‘बॉर्डरवर’ निघाली की डॉक्टर सांगतात, वजन थोडं उतरवा, आठवड्याला निदान 150 मिनिटं चाला. सल्ला आजीच्या बटव्यातला वाटावा इतका रुळला आहे. पण त्याच्यामागे हजारो माणसांवर घेतलेल्या चाचण्या आहेत आणि त्यांतल्या मोठ्या चाचण्यांचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला आहे. औषधाच्या चाचणीवर कंपनी पैसे घालते, कारण उद्या तिला ती गोळी विकायची असते. चालण्यातून कोणाला नफा होणार? म्हणून ते काम सरकारलाच करावं लागलं.

सुरुवात निरीक्षणाने झाली. अमेरिकेत 1948 साली राष्ट्रीय हृदय कायदा झाला आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम या गावी 5,209 स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. चढता रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट यांचा हृदयविकाराशी संबंध तिथे हळूहळू उलगडला. मात्र संबंध दिसला म्हणून सवय बदलल्यावर रोग टळतोच असं सिद्ध होत नाही. ते पाहण्यासाठी सरकारी पैशावर ‘एमआरफिट’ ही भलीमोठी चाचणी झाली. धोका जास्त असलेले 12,866 पुरुष त्यात होते. निम्म्यांना आहार, सिगारेट आणि रक्तदाब यांवर खास मदत मिळाली, उरलेले आपापल्या डॉक्टरांकडे गेले. 1982 मध्ये निकाल आला, तर हृदयविकाराच्या मृत्यूंत ठोस फरकच दिसेना. उरलेल्या निम्म्यांनीही या काळात सिगारेट कमी केली होती, रक्तदाबावर उपचार घेतले होते! एवढा खर्च करून हाती असा निकाल आल्यावर या वाटेला पुन्हा जाणं सोपं नव्हतं.

वाट पुन्हा मोकळी झाली ती मधुमेहामुळे. चीनमधल्या दाचिंग या तेलनगरीत 1986 पासून साखर वाढू लागलेल्या 577 जणांवर सहा वर्षं काम झालं. आहार किंवा व्यायाम बदललेल्या गटांमध्ये मधुमेह बराच कमी झाला. त्याच लोकांचा तीस वर्षांनंतरचा हिशोब 2019 मध्ये छापून आला : मधुमेह सरासरी चारेक वर्षं लांबला, आयुष्य जवळपास दीड वर्षाने वाढलं.

अमेरिकेच्या ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’कडे जरा नीट पाहायला हवं. सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी 27 केंद्रांवर 3,234 जणांना घेतलं. एका गटाला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, एकाला नुसती दिखाऊ गोळी, एकाला जीवनशैलीचा कार्यक्रम. ट्रोग्लिटाझोन या औषधाचा चौथा गटही होता, पण यकृताला इजा होते असं दिसल्यावर तो 1998 मध्ये बंद केला. जीवनशैलीच्या गटाचं उद्दिष्ट होतं वजन सात टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं हालचाल करणं. नुसता उपदेश नव्हता. प्रत्येकाला स्वतंत्र प्रशिक्षक होता, समोरासमोर बसून सोळा धडे होते, खाल्लेल्या स्निग्धांशाची वहीत नोंद होती आणि अडलेल्याला मदत करायला थोडा पैसाही बाजूला ठेवला होता. चाचणी ठरल्यापेक्षा वर्षभर आधीच थांबवावी लागली, कारण निकाल स्पष्ट होता : जीवनशैलीने मधुमेह 58 टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने 31 टक्क्यांनी. साठीच्या पुढच्या लोकांमध्ये तर जीवनशैलीने 71 टक्क्यांनी घटला. याच पुराव्याच्या बळावर 2018 पासून अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने ज्येष्ठांसाठी या कार्यक्रमाचे पैसे द्यायला सुरुवात केली.

आधीच मधुमेह असलेल्या 5,145 जणांवरची ‘लुक अहेड’ ही सरकारी चाचणी मात्र 2012 मध्ये थांबवावी लागली. वजन घटलं, साखर सुधारली, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. जीवनशैली म्हटलं की सगळं बरं होतं, असा दावा करणाऱ्यांनी हा निकाल विसरू नये. रोग येण्याआधी जे साधतं ते आल्यावर साधेलच असं नाही, हे आपल्याला कळलं ते अशा चाचण्यांमुळेच.

आपल्याकडे चेन्नईत साखर वाढू लागलेल्या 531 जणांवर मधुमेह टाळण्याचीच परीक्षा झाली आणि 2006 मध्ये निकाल आला. जीवनशैलीने मधुमेह 28.5 टक्क्यांनी घटला, तोही वजन फारसं न उतरता. परदेशी आकडे आपल्या अंगाला जसेच्या तसे बसत नाहीत, याचा हा पुरावा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 3,959 भारतीयांना योगाच्या तेरा सत्रांचा कार्यक्रम द्यायचा की नुसता नेहमीचा सल्ला, याची ‘योगा-केअर’ चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पैशावर झाली. पुढचे झटके व मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, पण लोकांना आपली तब्येत सुधारल्याचं जाणवलं. योगावरची श्रद्धा कितीही जुनी असो, तिला अशा कसोटीवर उतरवण्याचं धैर्य मला फार मोलाचं वाटतं.

सरकारी पैसा थांबला तर काय होतं, हेही दिसलं आहे. मार्च 2025 मध्ये अमेरिकी सरकारने कोलंबिया विद्यापीठाची बरीच अनुदानं तोडली. ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन’मधल्या लोकांवरचा पाव शतकाचा पाठपुरावा त्याच विद्यापीठामार्फत चालायचा. तो अडकला, आणि स्मृतिभ्रंशावरचं त्यातलं नवं कामही.

आयसीएमआरच्याच 2023 मध्ये छापून आलेल्या पाहणीनुसार भारतात 13.6 कोटी लोकांची साखर बॉर्डरवर आहे. ही मोजणी सरकारने केली हे चांगलंच झालं. आता या माणसांना, त्यांच्या भाकरी-भातासकट आणि कामाच्या वेळांसकट, काय दिल्याने मधुमेह टळतो याच्या मोठ्या चाचण्या सरकारनेच, कर भरणाऱ्यांच्या पैशातून, वर्षानुवर्षं चालवायला हव्यात. तशी तरतूद अर्थसंकल्पात मागणं हे आपलं काम आहे.