मंद गतीचे सामर्थ्य : जीपगाडीच्या एका दांड्याचा इतिहास

मोटारगाडीचा इतिहास सांगणारे बहुधा वेगाचाच इतिहास सांगतात. कोणत्या साली कोणती गाडी ताशी किती मैल धावली, कोणी कोणास मागे टाकले, याच्या नोंदी हव्या तितक्या सापडतात. परंतु गाडीने किती हळू चालावे हाही एकदा मोठ्या विचाराचा विषय झाला होता. त्या विचारातून जी गाडी जन्मास आली, तिने पुढे आपल्या महाराष्ट्रात जेथे धड रस्ता नव्हता तेथेही माणसे पोहोचविली. त्या हळूपणाचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आरंभी मूळ तत्त्व पाहू. शेतातला मोठा धोंडा दोन माणसांच्या हातांनी हलत नाही, पण त्याखाली लांब पहार घातली तर एकटा माणूसही तो उचकटतो. पहारीने त्याच्या अंगात नवे बळ आले काय? नाही. त्याचा हात हातभर खाली गेला तेव्हा धोंडा जेमतेम बोटभर वर आला. अंतर दिले आणि जोर घेतला, असा हा रोखीचा व्यवहार आहे. गाडीतील गिअर म्हणजे याच पहारीचे गोल रूप होय. लहान दातेरी चाक अनेक फेरे घेते, तेव्हा त्याने फिरविलेले मोठे चाक एक फेरा घेते. फेरे कमी होतात, पण त्या प्रमाणात पीळ वाढतो. घर्षणात थोडे वाया जाते ते वेगळे.

जोर कमी पडला तर दुसराही एक मार्ग असतो, तो म्हणजे ओढणारे वाढविणे. घाटाच्या पायथ्याशी बैलगाडीला जादा बैलजोडी लावीत, ती याच न्यायाने. खंडाळ्याच्या घाटातून १८६३ साली आगगाडी सुरू झाली, तेव्हा तेथील सर्वांत कठीण चढ सदतीस फुटांस एक फूट असा होता. त्या घाटात कर्जतहून चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावण्याची रीत आजतागायत चालू आहे. पण डोंगरवाटेवर एकट्या निघालेल्या लहान गाडीस जादा इंजिन कोण देणार? तिला आपल्या पोटातच पहार बाळगावी लागते.

ही पहार लहान गाडीत बसविण्याचे निमित्त युद्धाने दिले. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकन सैन्याने एका हलक्या टेहळणी गाडीसाठी आपल्या अटी प्रसिद्ध केल्या. गाडीची चारही चाके इंजिनाच्या जोराने फिरावीत, तिने सहाशे पौंड ओझे वाहावे, या अटी तर होत्याच. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची अट निराळी आहे. गाडीने ताशी पन्नास मैलांपासून खाली ताशी तीन मैलांपर्यंत सुरळीत चालावे, आणि त्यासाठी तिला दोन गतींची दुय्यम पेटी असावी, असे त्यात मागितले होते. तीन मैल म्हणजे पावणेपाच किलोमीटर. पायी चालणाऱ्या माणसाची ही चाल. शिपाई चालत असता त्याच्या बरोबरीने न अडखळता चालणे, हा या गाडीच्या परीक्षेतील एक धडा होता. १३५ कारखान्यांस विचारणा झाली. त्यांपैकी बँटम नावाच्या एका लहानशा, डबघाईस आलेल्या कंपनीने ४९ दिवसांत नमुना तयार करून २३ सप्टेंबर १९४० रोजी सैन्याच्या हवाली केला. आराखडा कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअराचा होता. पुढे विलिस आणि फोर्ड या दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. जगाने त्या गाडीस जीप म्हटले.

या गाडीत चालकाच्या उजव्या हाताशी नेहमीच्या गिअरच्या दांड्याखेरीज आणखी दोन आखूड दांडे असत. एकाने पुढची चाके इंजिनास जोडली जात. दुसऱ्याने दुय्यम पेटीतील हलका गिअर पडे, ज्यास आपले चालक ‘लो’ म्हणतात. हिशेब करून पाहिल्यास त्याची करामत ध्यानात येईल. युद्धकालीन विलिस जीपचा पहिला गिअर फेरे सुमारे २.६७ पट कमी करी, दुय्यम पेटी आणखी १.९७ पट आणि चाकांच्या आसावरील दाते आणखी ४.८८ पट. या तिन्हींचा गुणाकार सुमारे २६ येतो. म्हणजे इंजिनाचे सव्वीस फेरे झाले की चाकाचा एक फेरा, आणि चाकावरचा पीळ इंजिनाच्या जवळजवळ सव्वीस पट. अवघ्या साठ अश्वशक्तीच्या इंजिनाकडून असा जोर मिळे.

खरी गंमत पुढे आहे. १९४५ साली युद्ध संपले आणि विलिस कंपनीने तीच गाडी शेतकऱ्यास विकावयास काढली. सैन्यातील गाडी आता नांगर ओढणार होती. शांततेच्या काळात गाडीचा वेग वाढवावा असे कोणासही वाटेल. परंतु कंपनीने केले ते नेमके उलट. ‘सीजे-२ए’ या मुलकी जीपमध्ये पहिला गिअर २.८० चा, दुय्यम पेटी २.४३ ची आणि आसाचे प्रमाण ५.३८ चे झाले. गुणाकार ३६ च्या वर गेला. इंजिनाचे मिनिटास हजार फेरे होत असता ही गाडी मिनिटास साधारण साठ मीटर सरके, म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटर. शिपायाच्या चालीवरून ती बैलाच्या चालीवर आली! रणांगणापेक्षा शेतात अधिक सबुरी लागते, हे त्या कारखानदारांनी दात्यांच्या भाषेत नोंदवून ठेवले आहे.

हा सगळा इतिहास दूरदेशीचा वाटेल, पण त्याचा पुढचा अध्याय मुंबईत घडला. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे बंधू व मलिक गुलाम महंमद यांनी मुंबईत पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र आणि महंमद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र आणि महिंद्र’ असे झाले. याच सुमारास विलिस कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत गाड्या जुळविण्याचे काम त्यांनी हाती घेतले. हळूहळू भाग येथेच घडू लागले, आणि उंच नाकाची ‘सीजे-३बी’ ही जीप भारतीय रस्त्यांवर ओळखीची झाली. आपल्या भाईंदरहून चर्चगेटकडे निघाले की चौथे स्टेशन कांदिवलीचे. तेथे याच उद्योगाचे कारखाने उभे राहिले. १९६३ साली ट्रॅक्टरसाठी स्थापन झालेली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया हीही याच घराण्यातली. ट्रॅक्टर आणि जीप ही अशी एकाच तत्त्वाची दोन भावंडे होत.

ही गाडी आपल्याकडे का रुजली, याचे उत्तर आपल्या भूमीतच आहे. सह्याद्रीच्या धारेवरच्या वाड्या, पावसाळ्यात तुटणारे ओढे, कोकणातील जांभ्याच्या उभ्या चढणी, आणि येथे आपल्या खाडीकाठी मिठागरांचे बांध. अशा ठिकाणी वेग हा गुण निरुपयोगी असतो. तेथे प्रश्न असतो तो गाडी थांबू न देता, क्लच न जाळता, एकेका दगडावर चाक अलगद ठेवून पलीकडे जाण्याचा. तालुक्याचा अधिकारी असो, पाटबंधाऱ्याचा इंजिनिअर असो, डॉक्टर असो की निवडणुकीच्या मतपेट्या असोत, आडवाटेच्या गावी पोहोचावयाचे तर जीप, असे समीकरणच होऊन गेले होते.

मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘लो’ गिअर म्हणजे चिखलातून गाडी उपटून काढणारा राक्षस, असे अनेकांस वाटते. तसे नाही. चाकाची जमिनीवर जितकी पकड असेल तितकाच जोर कामास येतो. निसरड्या मळीत ‘लो’ टाकून जोराने पाय दाबला तर चाके जागीच गरगरतात आणि गाडी स्वतःची खड्डी खणते. म्हणून तर जुन्या जीपमध्ये पुढची चाके जोडल्याशिवाय ‘लो’ पडतच नसे. जोर चार चाकांत वाटला जावा आणि सगळा भार मागच्या आसावर पडून तो मोडू नये, अशी ती योजना होती. त्याचप्रमाणे कोरड्या डांबरी रस्त्यावर ही जोडणी वापरू नये. वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर तोडीत नाहीत. मातीवर ती थोडी घसरून तडजोड करतात, डांबरावर ती सोय नसते आणि दाते पिळवटतात. या गिअरचे खरे देणे जोरापेक्षा ताबा हे आहे.

हा ताबा चढणीपेक्षाही उतरणीवर अधिक मोलाचा. आपल्या घाटांत जुने चालक नव्यास सांगत, की ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. यामागे शास्त्र आहे. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की तो तापतो, तापला की त्याची पकड सुटते, आणि ऐन वळणावर चालकाचा पाय रिकामा पडतो. उलट गाडी हलक्या गिअरमध्ये असली म्हणजे चाकांनाच इंजिन फिरवावे लागते, आणि त्या ओझ्याने ती आपोआप आवरली जाते. जे दाते चढताना जोर छत्तीस पट करतात, तेच उतरताना इंजिनाचा अडसरही तितक्याच पटीने वाढवितात. दगडधोंड्यांच्या उभ्या उतरणीवर जीप ब्रेकला पायही न लावता मुंगीच्या पावलांनी उतरे, ती यामुळे. डांबरी घाटात दुय्यम पेटीची गरज नाही, साधा दुसरा गिअर पुरतो. पण नियम तोच, आणि तो मोडल्याची किंमत माणसांच्या जीवांनी मोजावी लागते.

आज काय दिसते? उंच, रुंद, दांडग्या दिसणाऱ्या गाड्यांनी आपल्या भाईंदरचेही रस्ते भरले आहेत. त्यांतील पुष्कळ गाड्यांची दोनच चाके इंजिनाने फिरतात आणि दुय्यम पेटी तर फारच थोड्यांत असते. २०१० साली आलेल्या आणि २०२० साली नवे रूप घेतलेल्या ‘थार’ या जीपच्या वारसदारात तो आखूड दांडा टिकला. पण २०२३ साली त्याच नावाची, त्याच चेहऱ्याची, मागच्याच दोन चाकांवर चालणारी गाडीही निघाली. यात फसवणूक मुळीच नाही. शहरात राहणाऱ्यास जे लागत नाही त्याचे पैसे त्याने का द्यावेत? पण रूप पाहून गुण गृहीत धरणारा मनुष्य एखाद्या पावसाळी दिवशी कच्च्या उतरणीवर गाडी घालतो, तेव्हा तेथे त्या रूपाचा उपयोग होत नाही.

म्हणून, श्रोतेहो, गाडी घेताना ती किती धावते हे अवश्य विचारा, पण किती हळू आणि किती निश्चयाने चालू शकते हेही विचारण्यास विसरू नका. आणि या सुट्टीत घाट उतरताना ब्रेककडे पाय जाण्यापूर्वी हात गिअरच्या दांड्याकडे गेला, तरी आजच्या या तासाचे सार्थक झाले असे मी समजेन.