पाथ तोच, सर्व्हर दुसरा

गिटलॅब डॉट कॉम ही कोड साठवण्याची सेवा, ३१ जानेवारी २०१७. वेळा यूटीसी, भारतातलं घड्याळ साडेपाच तास पुढे.

१७:२० – एक इंजिनिअर स्वतःच्या कामासाठी चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट घेऊन चाचणीच्या सर्व्हरवर ठेवतो. एरवी असा स्नॅपशॉट चोवीस तासांतून एकदाच निघे.

१९:०० – डेटाबेसवर ताण वाढतो. संशय स्पॅमचा.

२३:०० – मुख्य डेटाबेसची प्रत ठेवणारा दुय्यम सर्व्हर फार मागे पडतो, रेप्लिकेशन थांबतं. नव्याने सुरू करायला तिथली डेटा डिरेक्टरी रिकामी लागते. ती पुसून कॉपीची कमांड दिली जाते. कमांड गप्प. ती मुख्य सर्व्हरची वाट पाहत होती, पण पडद्यावर तसं अक्षरही नाही.

२३:३०च्या सुमारास – अर्धवट फायली आड येत असतील, असं वाटून डिरेक्टरी पुन्हा पुसायचं ठरतं. रिलेटिव्ह पाथ आपण जिथे उभे आहोत तिथून मोजला जातो, म्हणून सगळे त्याला जपून असतात. ॲब्सोल्युट पाथ रूटपासून सुरू होतो, म्हणून भरवशाचा वाटतो. पण तो रूट त्या एकाच यंत्राचा! दोन्ही सर्व्हरवर सॉफ्टवेअर एकच, त्यामुळे डेटा डिरेक्टरीचा पाथही तोच. फरक फक्त यंत्राच्या नावात: डीबी१ की डीबी२. पुसायचं होतं डीबी२वर. टर्मिनल डीबी१चं, म्हणजे मुख्य सर्व्हरचं, निघालं.

एक-दोन सेकंदांत चूक कळते, कमांड थांबवली जाते. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलेत.

मध्यरात्र – बॅकअपची शोधाशोध. एस३ या क्लाउड साठवणीत काहीच नाही. इथेही पाथच नडला. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, हे बॅकअपची यंत्रणा डेटा डिरेक्टरीतल्या एका छोट्या फाइलवरून ठरवी. बॅकअप ज्या सर्व्हरवरून चाले तिथे ती फाइलच नव्हती. तेव्हा यंत्रणेने थांबायला हवं होतं, पण तिने ९.२ गृहीत धरलं. डेटाबेस ९.६चा. बॅकअप फसत राहिला आणि तसं कळवणारे ईमेल पाठवणाऱ्याची खातरजमा करणाऱ्या डीमार्कच्या तपासणीत नाकारले गेले. पुसलेल्या डिरेक्टरीपेक्षा मला हेच जास्त लागतं. ती चूक थकलेल्या माणसाची होती. ही शांतपणे, कुणी पाहत नसताना घडत होती.

हाती उरला १७:२०चा स्नॅपशॉट. चाचणीच्या सर्व्हरच्या डिस्क संथ. कॉपी तासन् तास सरकत राहते.

१ फेब्रुवारी, १८:०० – सेवा पूर्ववत. गिटच्या रिपॉझिटरी शाबूत. मधल्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती यांच्या नोंदींना फटका. नंतरच्या सुधारणांच्या यादीत एक काम होतं: टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये आपण कोणत्या यंत्रावर आहोत, ते स्पष्ट दिसावं.