घरबंद मांजराचे कोरडे खाद्य : पोषणमूल्य-मापनाचा ऐतिहासिक आढावा (१८६० ते २००९)

प्रस्तावना

मांजर हा मनुष्याच्या सहवासात हजारो वर्षे राहिलेला प्राणी असला, तरी त्याच्या आहाराची जबाबदारी मनुष्याने पूर्णपणे स्वीकारली ती अगदी अलीकडच्या काळात. धान्याच्या कोठारातील उंदीर, स्वयंपाकघरातील उष्टे, कोळणीने टाकलेली माशांची डोकी यांवर मांजर आपले पोट भरत असे. मालकाने दिलेल्या दूधभातात काही उणे राहिले, तर ते उणे शिकारीने भरून निघे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. मांजर सदनिकेत बंद झाले आणि त्याच्यासमोरच्या वाटीत एकाच पिशवीतील कोरडे दाणे वर्षानुवर्षे पडू लागले. अशा मांजराच्या बाबतीत खाद्यातील प्रत्येक चूक थेट त्याच्या शरीरावर उमटते.

हे खाद्य चांगले आहे की नाही, हे कोणी, कशाच्या आधारे आणि केव्हापासून ठरवू लागले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. विवेचन मुख्यतः अमेरिकेपुरते मर्यादित आहे. कारण या उद्योगाची व त्याच्या मानकांची जडणघडण प्रामुख्याने तेथे झाली.

१. कोरड्या खाद्याचा उदय

पाळीव प्राण्यांसाठी कारखान्यात तयार केलेल्या खाद्याचा आरंभ सामान्यतः जेम्स स्प्रॅट या अमेरिकन गृहस्थापासून मानला जातो. त्याने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे विकण्यास प्रारंभ केला. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत डबाबंद मांसाचे खाद्य लोकप्रिय झाले. दुसऱ्या महायुद्धात कथिलाचा तुटवडा निर्माण झाल्यामुळे डबाबंद खाद्य मागे पडले व कोरड्या खाद्यास बाजारपेठ मिळाली. १९५७ मध्ये राल्स्टन प्युरिना या कंपनीने कुत्र्यांसाठी फुलविलेल्या दाण्यांचे खाद्य बाजारात आणले आणि १९६० च्या दशकात तेच तंत्र मांजरांच्या खाद्यासाठी रूढ झाले.

या तंत्राचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. धान्याचे पीठ व मांसाची भुकटी यांचा लगदा वाफेच्या साहाय्याने, उच्च दाबाखाली साच्याच्या छिद्रांतून बाहेर ढकलला जातो. दाब एकाएकी कमी झाल्याने तो फुलतो. त्याचे तुकडे करून ते वाळवितात आणि त्यांवर चरबी व प्रथिनांचा रुचकर अर्क फवारतात. दाणा फुलण्यासाठी व त्याचा आकार टिकण्यासाठी पिष्टाची गरज असते. म्हणजेच कोरड्या खाद्यातील कर्बोदकांचे प्रमाण मांजराच्या गरजेपेक्षा यंत्राच्या गरजेने अधिक ठरले. तसेच मांजर ते आवडीने खाते यास बाहेरून फवारलेला थर बऱ्याच अंशी कारणीभूत असल्याने, मांजराची आवड हा गुणवत्तेचा निकष ठरू शकत नाही.

२. मांजर घरात बंद झाले

१९४७ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील एडवर्ड लो या तरुणाने शेजारणीस मांजराच्या विष्ठापात्रात घालण्यासाठी राखेऐवजी दाणेदार शोषक माती दिली. ही माती आपल्याकडील मुलतानी मातीच्याच जातीची होती. तिच्यातून एक मोठा व्यवसाय उभा राहिला. दुर्गंधीचा प्रश्न सुटल्यामुळे मांजरास अहोरात्र घरात ठेवणे शक्य झाले. वाहने, रोगराई व मारामाऱ्या यांपासून त्याचे रक्षण झाले. परंतु शिकार, भटकंती आणि आहारातील वैविध्य यांस ते मुकले. माती आणि दाणे या दोन स्वस्त वस्तूंनी मिळून ‘घरबंद मांजर’ ही नवी अवस्था निर्माण केली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

३. मापनाचे उसने साधन

खाद्याच्या पिशवीवर छापलेले कच्चे प्रथिन, कच्ची चरबी, कच्चा तंतू व आर्द्रता हे आकडे मांजरासाठी घडविलेले नव्हते. जर्मनीतील वेंडे येथील प्रयोगकेंद्रात हेन्नेबर्ग व स्टोमान यांनी १८६० च्या दशकात गुरांच्या वैरणीसाठी ही विश्लेषणपद्धती सिद्ध केली. १८८३ मध्ये डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेचे योहान केल्डाल यांनी नत्रमापनाची सुलभ रीत दिली. नत्राच्या आकड्यास ६.२५ ने गुणले की ‘कच्चे प्रथिन’ मिळते. ते मांसातून आले की धान्यातून, पचते की नाही, याविषयी हा आकडा मौन बाळगतो.

शिवाय, कोरडे व ओले खाद्य यांची तुलना छापील आकड्यांवरून करता येत नाही. समजा, कोरड्या खाद्यात ३० टक्के प्रथिन व १० टक्के आर्द्रता आहे, तर पाणी वगळून प्रथिन ३३ टक्के भरते. डबाबंद खाद्यात १० टक्के प्रथिन व ७८ टक्के आर्द्रता असेल, तर तेच गणित ४५ टक्क्यांवर जाते. कर्बोदकांचा आकडा बहुधा छापलेला नसतो. तो वजाबाकीने काढावा लागतो. वरील कोरड्या खाद्यात चरबी १२, तंतू ४ व राख ८ टक्के धरल्यास कर्बोदके ३६ टक्के उरतात.

४. टॉरिन : आकड्यात न सापडलेली उणीव

मांजर हा काटेकोर मांसाहारी प्राणी आहे, याचे जीवरासायनिक पुरावे १९७० च्या दशकात एकामागून एक पुढे आले. १९७५ मध्ये हेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉरिनच्या अभावी मांजराच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो, असे दाखविले. १९७८ मध्ये मॉरिस व रॉजर्स यांनी आर्जिनिन या अमिनो आम्लाविना दिलेल्या आहाराने मांजराच्या रक्तात अमोनिया साचून विषबाधा होते, हे सिद्ध केले. यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८६ मध्ये मांजरांच्या पोषणगरजांचा सुधारित तक्ता प्रसिद्ध केला व त्यात टॉरिनची किमान मात्राही दिली.

प्रश्न सुटला असे वाटत असतानाच १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन व सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाचे स्नायू सैल पडून दगावणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरिन अत्यल्प असल्याचे त्यांना आढळले. यांतील अनेक मांजरे तत्कालीन मानकात बसणारे बाजारी खाद्य खात होती. टॉरिन देताच अनेकांचे हृदय पूर्ववत झाले. पुढील संशोधनातून असे दिसले, की डबाबंद खाद्यावरील उष्णताप्रक्रियेमुळे आतड्यातील जीवाणूंकडून टॉरिनचा नाश वाढतो. म्हणूनच आजच्या मानकात फुलविलेल्या कोरड्या खाद्यासाठी ०.१ टक्का, तर डबाबंद खाद्यासाठी ०.२ टक्के टॉरिन आवश्यक मानले जाते. खाद्यात किती आहे आणि शरीराला किती मिळते, या दोन भिन्न बाबी आहेत, हा धडा येथे मिळाला.

५. मूत्रखड्यांचा प्रश्न

१९७० व १९८० च्या दशकांत मूत्रमार्गात स्ट्रुवाइट खडे होऊन बोके तळमळत असल्याच्या तक्रारी वाढल्या. प्रथम खाद्यातील ‘राखे’स दोष दिला गेला व ‘कमी राख’ ही जाहिरातीची ओळ बनली. नंतर मॅग्नेशियमचे प्रमाण आणि त्याहूनही लघवीची आम्लता महत्त्वाची असल्याचे स्पष्ट झाले. उत्पादकांनी खाद्य आम्लकारी केले. स्ट्रुवाइट घटले, परंतु कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यांचे प्रमाण वाढत गेले, आणि हे खडे आहाराने विरघळत नाहीत. मांजराचे पूर्वज शुष्क प्रदेशातील असल्याने त्याची तहान मंद असते. कोरडे खाद्य खाणारे मांजर वाटीतून अधिक पाणी पीत असले, तरी त्याच्या पोटात जाणारे एकूण पाणी ओल्या खाद्यावरील मांजरापेक्षा कमीच भरते.

६. मानके आणि त्यांच्या मर्यादा

अमेरिकेतील राज्यांच्या खाद्यनियंत्रण अधिकाऱ्यांच्या ‘आफ्को’ या संघटनेने १९९० च्या दशकाच्या आरंभी मांजरांच्या खाद्याचे पोषक आराखडे तयार केले. त्यानुसार प्रौढ मांजराच्या खाद्यात पाणी वगळून किमान २६ टक्के, तर वाढत्या पिलांच्या खाद्यात ३० टक्के प्रथिन हवे. खाद्य ‘पूर्ण व संतुलित’ ठरविण्याचा दुसरा मार्ग म्हणजे प्रत्यक्ष खाऊ घालून चाचणी. प्रौढांसाठी ही चाचणी किमान आठ मांजरांवर २६ आठवडे चालते. घरातील मांजर मात्र तेच खाद्य १२ ते १५ वर्षे खाते. शिवाय चाचणीत वजन घटण्यास मर्यादा आहे. ते वाढण्यास नाही. लठ्ठपणा हा घरबंद मांजराचा प्रमुख विकार असताना ही त्रुटी लक्षणीय ठरते. तथापि सर्व दोष दाण्यांवर टाकणेही न्याय्य नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात मधुमेहाचा संबंध कोरड्या खाद्याच्या प्रमाणापेक्षा घरातील कोंडलेपण व निष्क्रियता यांच्याशी अधिक आढळला.

७. २००७ : आकड्याची फसवणूक

१६ मार्च २००७ रोजी मेनू फूड्स या कंपनीने कोट्यवधी डबे व पाकिटे परत मागविली. हे खाद्य प्रामुख्याने ओले होते. ते खाल्लेली मांजरे व कुत्री मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत होती. चीनमधून आलेल्या गव्हाच्या कथित प्रथिनात मेलामाइन आढळले. मेलामाइनमध्ये वजनाच्या सुमारे ६६ टक्के नत्र असते, ६.२५ ने गुणताच ते ४०० टक्क्यांहून अधिक ‘प्रथिन’ भासते. केल्डालच्या रीतीतील मौन असे कोणाच्या तरी नफ्याचे साधन झाले. पुढल्याच वर्षी चीनमध्ये हाच पदार्थ दुधाच्या भुकटीत मिसळल्याने सुमारे तीन लाख अर्भके आजारी पडली. मांजरांच्या वाटीतून मिळालेला इशारा माणसांच्या बाळांपर्यंत वेळेवर पोहोचला नाही.

निष्कर्ष

१) कोरड्या खाद्याचे स्वरूप युद्धकालीन टंचाई, यंत्राची गरज व ग्राहकाची सोय यांतून घडले, मांजराच्या शरीरशास्त्राचा विचार मागाहून झाला.

२) टॉरिन असो वा मूत्रखडे, मानकांतील महत्त्वाची सुधारणा मांजरांनी किंमत मोजल्यानंतरच झाली.

३) पिशवीवरील आकडे आवश्यक असले, तरी पुरेसे नाहीत. पाणी वगळून केलेली तुलना, वजाबाकीने काढलेली कर्बोदके आणि चाचणीच्या प्रकाराचा उल्लेख यांचा एकत्रित विचार व्हावा.

४) मुंबई-पुण्यातील सदनिकांतही आता हेच दाणे मांजरांच्या वाटीत पडू लागले आहेत. दार बंद केल्यावर मांजराची निवड संपते आणि आपली जबाबदारी सुरू होते. तेव्हा तपासणीचे काम केवळ उत्पादकावर सोपवून चालणार नाही, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.