कुडकुडणारी हरित इमारत

बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत स्वेटर, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडलंय. लॉबीत हरित इमारतीचं प्रमाणपत्र झळकतंय, तेही रोजचंच. मग पर्यावरणाची काळजी घेणाऱ्या इमारतीत माणसं कुडकुडतात का? याचा माग काढता काढता मी थेट डेन्मार्कला पोचलो.

तिथल्या ओले फँगर यांनी १९७० साली एक समीकरण मांडलं. हवेचं तापमान, भिंतींची उष्णता, वारा, दमटपणा, कपडे आणि शरीराची हालचाल असे सहा आकडे घाला, 'सरासरी माणसाला' कसं वाटेल ते उणे ३ ते अधिक ३ या पट्टीवर मिळतं. अंगावर सूट धरला तर उत्तर येतं २२ अंशांच्या आसपास, साधा शर्ट धरला तर २४-२५. गंमत म्हणजे पट्टीच्या अगदी शून्यावरही ५ टक्के लोक नाराजच राहणार, हे त्याच सूत्रात आहे!

पण हे समीकरण बेतलं मुख्यतः अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या, बंद खोलीत बसवलेल्या विद्यार्थ्यांवर. २०१५ मध्ये नेदरलंड्सच्या दोन संशोधकांनी दाखवलं, की त्यात शरीराच्या उष्णतेचा आकडा सरासरी पुरुषाचा आहे. बायकांचा त्याहून कमी असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी कॉन्स्टंट हार्डकोड केला आणि सगळं जग तो कॉपी-पेस्ट करत बसलं.

पुढे हे समीकरण अ‍ॅश्रे ५५ या मानकात आलं आणि 'लीड' प्रमाणपत्रानं तेच मानक धरलं. २०१३ साली १४४ इमारतींचा अभ्यास झाला. त्यात 'लीड'वाल्या आणि बिनलीडवाल्या इमारतींतल्या लोकांच्या समाधानात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही.

चक्र उलटं फिरायला सुरुवात झाली होती १९९८ मध्ये. डी डिअर आणि ब्रॅगर म्हणाले, खिडकी उघडता आली की माणूस बाहेरच्या हवेशी जुळवून घेतो. २००४ साली मानकानं हे मान्य केलं. अहमदाबादच्या 'सेप्ट'नं पाच शहरांतल्या १६ ऑफिसांत लोकांनाच विचारून २०१४ मध्ये भारतासाठी वेगळं सूत्र मांडलं. जुन्या सूत्राच्या अंदाजापेक्षा जास्त उबेतही आपण मजेत असतो, असं त्यात दिसलं. २०१७ च्या ऊर्जा संहितेत ते आलंही.

थोडक्यात काय, थंडी वाजते म्हणून स्वतःला नाजूक समजू नका. आपल्याला गारठवायला वीज जाळायची आणि वर हरित म्हणवायचं, हा हिशोब जुळत नाही. फॅसिलिटीवाल्यांना बिनधास्त सांगा, कॉन्स्टंट बदला!