१ जूनचे धावपटू

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर... इथल्या कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघाची वाढदिवसांची यादी बघा. १ जूनला गर्दी दिसेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या आणि घरी मुलाची जन्मतारीख कुणालाच धड आठवायची नाही. मग मास्तर वय पहिलीत बसेल असं बघून १ जून टाकून द्यायचे. तीच तारीख पुढे दाखल्यावर, पेन्शनच्या कागदांवर, आधारवर.

एरवी यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते म्हातारपणी शर्यतीत उतरल्यावर. मास्टर्स अॅथलेटिक्सची पहिली जागतिक स्पर्धा १९७५ मध्ये टोरांटोत झाली. तिथे पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात. विशीत एका वर्षाचं काय एवढं? ऐंशीनंतर मात्र एकेक वर्ष पायांत उतरतं. मास्तरांचा अंदाज दोन वर्षं इकडे-तिकडे झाला, की गटच बदलला!

आपल्याकडचंच बघा. दहा-बारा वर्षांपूर्वी बारामतीत लता करे नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांचं वय मात्र प्रत्येक बातमीत दोन-चार वर्षं मागेपुढे.

सगळ्यात जास्त किंमत मोजली ती फौजा सिंग यांनी. जालंधरजवळच्या ब्यास पिंडचे, नंतर लंडनला स्थायिक. पहिली मॅरेथॉन ८९व्या वर्षी. १६ ऑक्टोबर २०११ ला टोरांटोत पूर्ण मॅरेथॉन, ८ तास ११ मिनिटं. वय १००. ब्रिटिश पासपोर्टवर जन्मतारीख १ एप्रिल १९११, शंभरीला राणीचं शुभेच्छापत्रही आलेलं. गिनेसनं तरी विक्रम नाकारला. जन्माचा दाखला हवा म्हणे! आणि भारतातून उत्तर गेलं, त्या काळी अशा नोंदी ठेवतच नसत.

मला विचाराल तर गिनेसचा नियम काही खुळा नाही. शंभरीचे खोटे दावे जगात कमी झालेत का? पण नियमाचा भार पडतो तो नेमका रजिस्टर नसलेल्या गावात जन्मलेल्यांवर. आपल्याकडे जन्मनोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ चा. म्हणजे त्यानंतर जन्मलेलं पहिलं मूल शंभरीला पोचणार २०६९ नंतर.

फौजा सिंग शेवटची शर्यत धावले २०१३ मध्ये, हाँगकाँगला, १० किलोमीटरची. जुलै २०२५ मध्ये गावाजवळ रस्त्यावर गाडीनं धडक दिली, त्यात ते गेले. दुसऱ्या दिवशी पेपरांनी वय छापलं ११४. दाखला कुणी मागितला नाही.