आभा खाते उघडत नसेल तर
लॉगिन बहुधा ओटीपीवर अडते. आधारला जोडलेला नंबर जुना असतो आणि ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जातो. आई-वडिलांच्या खात्यात हे आधी तपासा. आभाला दुसरा, चालू नंबर जोडलेला असेल तर आधारऐवजी त्या मोबाइल नंबरने लॉगिन करून पाहा. नाहीतर आधार केंद्रावर नंबर बदलून घ्या. तिथे रुग्णाला स्वतः जावे लागते.

१४ अंकी क्रमांक विसरलात म्हणून नवे खाते काढू नका, तो मोबाइल नंबरवरून शोधता येतो.

नोंदणी खिडकीवर ओटीपी मागितला तर मेसेज कशासाठी आहे ते वाचून मगच सांगा. फोनवर मात्र कुणालाही नाही, अगदी तुमच्या डॉक्टरांचे नाव घेतले तरी. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला कळवा.

छातीत दुखते म्हणून रात्री निघालात, तर लॉगिनमध्ये वेळ घालवू नका. कागदी फाइल उचला आणि या.