माध्यविषयक परिकल्पना-परीक्षण व उपासमारीचे मापन
समष्टीचे माध्य एखाद्या विशिष्ट मूल्याइतके आहे, ही परिकल्पना नमुन्यातील निरीक्षणांवरून त्याज्य ठरवावी किंवा नाही, याचा निर्णय करण्याची सांख्यिकीय पद्धत. डब्ल्यू. एस्. गॉसेट यांनी १९०८ मध्ये लहान नमुन्यांसाठी या पद्धतीचा पाया घातला. १९३३ मध्ये जे. नेमन व ई. एस्. पीअर्सन यांनी तिच्यातील दोन प्रमाद स्पष्ट केले : सत्य परिकल्पना त्याज्य ठरविणे हा पहिला आणि असत्य परिकल्पना त्याज्य न ठरविणे हा दुसरा. महाराष्ट्रात या भेदाला दारिद्र्यविषयक वादात विशेष महत्त्व आले.

वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ या पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दरडोई दररोज २,२५० कॅलरींचा आहार ही किमान गरज मानली. १९६०-६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के व नागरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोकांचा खर्च एवढ्या आहारास अपुरा होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (१९११–९७) यांनी यावर आक्षेप घेतला. त्यांनी १९३६ मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. १९५१ पासून सुमारे दोन दशके ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत होते. त्यांच्या मते गरजेचा आकडा हे माध्य आहे, किमान मर्यादा नव्हे. निरोगी माणसाचा आहारही माध्याभोवती कमीजास्त होतो. म्हणून आहार ‘माध्य उणे दोन प्रमाण विचलने’ या मर्यादेखाली गेला, तरच त्यास अपुरा म्हणावे. प्रमाण विचलन माध्याच्या सुमारे १५ टक्के धरल्यास ही मर्यादा माध्याच्या ७० टक्के, म्हणजे २,२५० कॅलरींच्या उदाहरणात १,५७५ कॅलरी येते. साहजिकच कुपोषितांची संख्या पुष्कळ घटते.

सुखात्मे यांचा युक्तिवाद पहिल्या प्रमादाविषयी आहे. वितरण प्रसामान्य असल्यास पुरेसा आहार घेणाऱ्यांची निम्मी निरीक्षणे माध्याखाली येतात. दोन प्रमाण विचलनांच्या मर्यादेखाली मात्र केवळ सु. २·३ टक्के येतात. तथापि दुसरा प्रमाद त्यामुळे वाढतो. ज्याचा सरासरी आहार खरोखरच गरजेपेक्षा एका प्रमाण विचलनाने कमी आहे, त्याची सु. ८४ टक्के निरीक्षणे या मर्यादेच्या वरच राहतात व तो उपाशी गणला जात नाही. परिकल्पना त्याज्य ठरली नाही, एवढ्यावरून आहार पुरेसा असल्याचे सिद्ध होत नाही.

निरीक्षणे वाढवून दोन्ही प्रमाद कमी करता येतात काय, हा पुढील प्रश्न होय. निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असल्यास n दिवसांच्या सरासरीचे प्रमाण विचलन √n पटींनी घटते. सात दिवसांत ते मूळच्या सु. ३८ टक्के होते. परंतु सुखात्मे व शेल्डन मार्गेन यांच्या मते लागोपाठच्या दिवसांतील ऊर्जासंतुलन परस्परावलंबी असते आणि शरीर आपल्या गरजेचे काही प्रमाणात स्वयंनियमन करते; त्यामुळे ही घट तितकी होत नाही. हा दावा शरीरक्रियाविज्ञानाचा असून त्याची पारख केवळ गणिताने होऊ शकत नाही. दांडेकरांनी १९८०–९० या दशकाच्या आरंभी सुखात्मे यांच्या मापनपद्धतीचे खंडन केले.

सार्थकता पातळी किती असावी, हे परीक्षणाचे सूत्र सांगत नाही. पोट भरलेल्यास उपाशी गणल्याने शासनाचे धान्य अनाठायी खर्च होते. उपाशी माणसास गणनेतून वगळल्याने तो मदतीस मुकतो. या दोन हानींची तुलना करूनच मर्यादा ठरवावी लागते.